कोंडिबाच्या कटरला मोठा ब्लॉक

कोंडिबाच्या कटरचा जोर गेला होता. निदान कोंडिबाचं तसं म्हणणं होतं, आणि कोंडिबानं एकदा एखादं म्हणणं धरलं की ते त्याच्या हातून सोडवून घेणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

कटर म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलची मशीन. वरवंडच्या आसपास कुणाच्या बांधावर बाभळी माजल्या, कुणाची निलगिरी वाऱ्यानं घराकडं कलली, कुणाच्या विहिरीत उंबरानं मुळ्या सोडल्या, की निरोप कोंडिबाला जायचा. उमेदीची वर्षं त्यानं कुऱ्हाडीवर काढली, मग ही मशीन घेतली आणि तिच्या जिवावर पोराचं शिक्षण केलं, घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकला. त्याच्या पाठोपाठ बायको पार्वतीबाई असायचीच. फांद्या ओढायच्या, कापात पाचर ठोकायची, ओंडके ट्रॉलीत भरायचे, सगळं ती करायची. पण झाड पाडलं कुणी, तर कोंडिबानं, असंच गाव म्हणायचं. पार्वतीबाईचं नाव कुणी घेत नसे, आणि खरं सांगायचं तर कोंडिबाही घेत नसे.

यंदा मात्र गाडं अडलं. एरवी चुलीवर चहा उकळेस्तोवर बाभळीचं खोड आडवं व्हायचं. आता चहा उकळून, पिऊन, कपबशा विसळून झाल्या तरी मशीन आपली निम्म्यातच घरघरत असायची. दुपार झाली की कोंडिबाचे दंड थरथरायला लागायचे. तांब्या तोंडाशी नेताना पाणी सदऱ्यावर सांडायचं. संध्याकाळी जेवायला बसला की पहिल्या घासालाच डोळे मिटायचे.

"मशीन वढत न्हाई," तो म्हणायचा, "म्हणून मला रेटावं लागतंय. तिचं काम मी करायलोय."

पार्वतीबाई ताटात कालवण वाढायची आणि आपल्या गुडघ्यांना तेल चोळत बसायची.

मुलगा सम्राट शिरूरला राहायचा, तिकडंच कंपनीत कामाला होता. पोरगं गुणी, बापाची काळजी करणारं, म्हणूनच तर सगळा घोटाळा. कोरेगाव भीमाजवळ एका गोडाऊनच्या गेटवर माणूस हवा होता, तिथं त्यानं बापाचं नाव सांगून ठेवलं.

"आबा, खुर्ची हाय, डोक्यावर पंखा हाय. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. आईला घेऊन शिरूरला आमच्यात ऱ्हावा. किती दिवस झाडाखाली मरायचं?"

त्या खुर्चीचं नाव निघालं की कोंडिबा उठून अंगणात जायचा. त्यानं आपल्या वयाची माणसं तशा खुर्च्यांवर बघितली होती. दिवसभर दुसऱ्याच्या गाड्यांना सलाम ठोकायचा, पेंगायचं, आणि एक दिवस आपण नसलो तर खुर्चीवर दुसरा येऊन बसतो, गेटाला पत्ताही लागत नाही. झाडाचं तसं नव्हतं. झाड पडताना सगळी वस्ती लांब उभी राहून कोंडिबाकडं बघायची. तेवढ्यासाठी तो जगत होता म्हणा ना!

शेवटी त्यानं पोराला शब्द दिला. बाळासो बागायतदाराच्या गोठ्यालगत एक जुनी चिंच वाळून खडखडीत उभी होती. ती या रविवारी पाडायची. पडली तर सम्राटनं खुर्चीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही पडली तर कोंडिबा मुकाट्यानं शिरूरला जाणार. आता वाळली चिंच म्हणजे काय चीज असते ते कापणाऱ्याला विचारा. लोखंडाची धाकटी बहीण ती!

म्हणून कोंडिबा मशीन पोत्यात घालून पाटसला लालमहंमदकडं गेला.

लालमहंमदचं दुकान स्टँडजवळ. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशीन, कटर, असलं सगळं तो दुरुस्त करायचा. त्याचा बाप विहिरीवरची ऑइल इंजिनं खोलायचा, तेव्हापासून दोघांची ओळख, त्यामुळं सगळा कारभार अरेतुरेचा.

"जय भीम, भाय."

"जय भीम. आता काय आनलंस? मागच्या खेपेला साखळीला धार लावली, त्याच्या आदी प्लग बदलला, फिल्टर धुतला. आता माझी मुंडी काप आन् बसव तिच्यात."

"मोठा ब्लॉक बसव."

लालमहंमदनं चष्मा कपाळावर सरकवला. इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला ही माणसं ब्लॉक म्हणतात. त्याच मशीनवर बसणारा, जास्त रुंद पोटाचा ब्लॉक आणि त्याच्या जोडीचा पिस्टन, असं किट बाजारात मिळतं. कोंडिबानं ते कुणाच्या तरी मोबाईलवर बघितलं होतं आणि रातोरात त्याचा विश्वास बसला होता.

लालमहंमदनं प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हातानं मशीन चालू करायची दोरी ओढली. फट्‌दिशी हवेनं त्याचा अंगठा उडवला. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा अंगठा उडाला.

"हिला काय धाड भरलीय? नव्यासारखी हवा दाबतीया."

"चालती मी का तू? जोर न्हाई तिच्यात."

"कोंडिबा, मोठ्या ब्लॉकाला दोरी वढायला जड जाती. ध्यानात घे."

"वढायला मी हाय ना! का मी मेलोय?"

लालमहंमदनं हात टेकले. शिल्लक असलेलं किट त्यानं फळीवरून काढलं आणि मशीन खोलायला घेतली. आधी झाकण, मग कार्बोरेटर, मग सायलेन्सर. ब्लॉकाचे बोल्ट सैल करून त्यानं ब्लॉक अलगद वर उचलला आणि खालच्या उघड्या पोटात फडकं कोंबलं, बारीक क्लिप आत पडायला नको म्हणून. जुना पिस्टन पिनेवरून सोडवला, पेट्रोलनं धुतला आणि उजेडाला धरला.

मग तो कोंडिबाच्या हातात दिला.

"बघ."

पिस्टन लखलखीत होता. मरायला टेकलेल्या इंजिनाच्या पिस्टनवर उभ्या रेघा पडतात, कडा खरडतात, हे कोंडिबाला लालमहंमदइतकंच ठाऊक होतं. इथं रेघ नव्हती, ओरखडा नव्हता. त्यानं पिस्टन फिरवून फिरवून बघितला. एकही कुठं सापडेना. एखादा तरी निघावा म्हणून तो नखानं चाचपत राहिला. मशीन धडधाकट होती. मग इतके दिवस थकलं होतं कोण?

लालमहंमद त्याच्याकडं बघत होता. कोंडिबानं पिस्टन कट्ट्यावर ठेवला.

"बसव म्हणतो ना," तो म्हणाला. आवाज चिडका काढायचा होता, तो रडका निघाला.

नवा पिस्टन बसला, त्याच्यावरचा बाण सायलेन्सरकडं करून. नवं पॅकिंग बसलं, पिस्टनच्या रिंगांना तेलाचं बोट लागलं, ब्लॉक खाली आला. लालमहंमदनं पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्तच मिसळलं, मशीन जमिनीवर ठेवून पाठच्या मुठीत पाय रोवला आणि दोरीला हिसका दिला. दोन हिसक्यांत मशीन अशी गरजली की समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. आवाजच वेगळा, भरल्या गळ्याचा. लालमहंमदनं कार्बोरेटरचा स्क्रू इकडं तिकडं करून ती मार्गाला लावली आणि बंद केली.

"वढ."

कोंडिबानं पाय रोवला. दोरी धरली, ओढली. ती हातभर आली आणि आतून कुणी खेचावी तशी उलटी परत गेली. बोटं झिणझिणली. त्यानं मूठ झाडली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं दात खाऊन अंगातलं होतं नव्हतं ते लावलं. मशीननं एक उचकी दिली आणि गप्प झाली. कोंडिबाचा खांदा आतून सोलल्यासारखा दुखायला लागला.

लालमहंमद पाठ करून पान्यांचा डबा उगीचच खालीवर करत होता. असा भला माणूस मिळायचा नाही!

"रिंगा नव्या हायती," कोंडिबा म्हणाला. "मोकळ्या हुतील."

"व्हतील," लालमहंमद डब्यातच बघत म्हणाला. "जुना ब्लॉक परत बसवू का? घटकाभराचं काम हाय."

"नको."

कोंडिबानं मशीन पोत्यात घातली आणि बस पकडली. घरी बायकोला एवढंच सांगितलं की मशीन झकास झाली. पार्वतीबाईनं त्याच्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

रविवार उजाडला. बाळासोनं गोठ्यातली जनावरं लांब नेऊन बांधली होती. चिंचेच्या शेंड्याला दोर बांधून त्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला लावलं होतं, झाड गोठ्यावर येऊ नये म्हणून. बाळासो स्वतः ट्रॅक्टरवर बसला. वस्तीवरची माणसं नेहमीसारखी लांब जमली. सम्राट शिरूरहून निघाला होता, वाटेत होता.

कोंडिबानं बुंध्याला फेरी मारली, कुठं काप घ्यायचा ते चुन्यानं आखलं. मशीन खाली ठेवली. पाय रोवला. दोरी ओढली.

एकदा झालं, दोनदा झालं. लोक बघत होते. कोंडिबानं चोक बघितला, प्लगची टोपी दाबली, टाकीचं झाकण उघडून हुंगलं. यातलं काही बघायची गरज नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पुन्हा ओढली. दोरी हातातून निसटली आणि तो मागच्या मागं बुडावर बसला. कुणीतरी फिसकन हसलं.

तो तसाच बसून राहिला. उठावंसं वाटेना. असं वाटलं, इथंच आडवं व्हावं, डोळे मिटावेत, आणि सम्राटनं गाडीवर घालून न्यावं त्या खुर्चीवर. इतका तो दमला होता. आजचा नाही, सालभराचा दमला होता.

पार्वतीबाई पाचरांची पाटी खाली ठेवून जवळ आली.

"पार्वते," तो हळूच म्हणाला, "मशीनला काय झालंच न्हवतं."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. तुमचा काप वाकडा जातुया. ओंडकं मीच भरती ना, मला दिसंना व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

तिनं लुगड्याचा काचा आवळला, मशीनच्या मुठीत पाय घातला, आणि जन्मभर ओंडके उचललेल्या त्या दंडांनी दोरीला असा हिसका दिला की मशीन पहिल्याच दमात गरजली. लांब उभी असलेली माणसं दोन पावलं पुढं सरकली. पार्वतीबाई बाजूला झाली आणि पाटीकडं परत गेली.

कोंडिबा उठला. त्यानं मशीन उचलून बुंध्याला लावली. मोठ्या ब्लॉकनं एक मात्र खरं केलं. साखळी आपल्या वजनानंच चिंचेत उतरत होती, रेटावं लागत नव्हतं. नुसती सरळ धरायची होती. काप कुठं, किती आणि कोणत्या कलानं घ्यायचा, ते डोळ्यांचं काम होतं आणि डोळे अजून शाबूत होते. पडायच्या बाजूची खाच निघाली. मग तो पलीकडच्या बाजूला गेला. तेवढ्यात सम्राटची गाडी बांधापाशी येऊन थांबली. बापाला कापताना बघून पोरगं हेल्मेट हातात धरून तिथंच उभं राहिलं.

आणि नेमक्या त्याच वेळी, काप निम्म्यावर असताना, खोड जरासं दबलं, साखळी अडकली आणि मशीन बंद पडली. कोंडिबानं हिसडे देऊन ती बाहेर काढली आणि खाली ठेवली. ट्रॅक्टरवरून बाळासो बघत होता. लोक बघत होते. आता काय होणार, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि कोंडिबाला सगळ्यांच्या आधी.

सम्राट पळतच पुढं आला.

"द्या आबा, मी वढतो."

केवढी सोय होती! पोरानं दोरी ओढली तर कुणाला काही वाटलं नसतं. तरणा मुलगा बापाला हातभार लावतो, यात लाज कसली? कोंडिबाच्या तोंडात 'वढ' शब्द आलाही होता.

"तू नको," तो म्हणाला. "तू आज हायस, सांजच्याला शिरूरला जाशील. उद्या कोण?"

आणि मग त्यानं मान वळवली, आणि ट्रॅक्टरवरच्या बाळासोला, बांधावरच्या माणसांना, झाडून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"पार्वते! ये, मशीन चालू कर. मला हुईत न्हाई!"

एवढी मोठी हाक त्यानं तिला कधी मारली नव्हती. मारून झाली आणि त्याचे डोळे भरून आले. लाज तर वाटलीच, खोटं कशाला सांगा. पण खांद्यावरनं काहीतरी उतरल्यासारखंही झालं.

"आले, आले," पार्वतीबाई गुडघ्यावर हात ठेवत उठली. "माझं तरी काय तरणं हाड हाय का? कंबर मोडली माझी तुमच्या मशीनपायी." असं पुटपुटत ती आली, कापात एक पाचर ठोकली आणि पदर खोचून दोरीला हात घातला.

चिंच दुपारच्या आत पडली, गोठ्याच्या पत्र्याला धक्का न लावता. नवराबायको दोघंही तिच्या बुंध्याला टेकून बसले. भाकरीचं फडकं सोडायचं त्राण दोघांतही नव्हतं, ते सम्राटनं सोडलं. बाळासो ट्रॅक्टरवरून उतरून आला आणि नेहमीच्या सवयीनं कोंडिबाला म्हणाला, "बांधावरच्या बाभळी कवा घेताय?"

"हिला इचारा," कोंडिबा डोळे मिटून म्हणाला.