रबरी सूट आणि कापसाची बंडी

माझी लेक पाणबुड्याचं काम करते. धरणात, विहिरीत कोणी बुडालं की शोधायला पथक बोलावतात, आणि पाठीवर हवेचं सिलेंडर बांधून खाली जाणाऱ्यांत ती एकटीच मुलगी आहे. नात्यात हे कळलं की बाया आधी हसतात, मग माझ्याकडे अशा पाहतात जणू मीच तिला ढकलून दिलं. मी गप्प राहते. चार माणसांत मला बोलता येत नाही, तोंडापर्यंत आलेलं परत खाली जातं. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

या हिवाळ्यात तिच्या थंडीपायी माझं डोकं पार फिरलं. अकोल्यात या दिवसांत सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं, तर बार्शीटाकळीकडच्या ज्या धरणात पथकाचा सराव चालतो, त्याच्या तळाशी काय असेल? सरावाहून ती घरी यायची तेव्हा दात वाजत असायचे. बोटं अशी आखडलेली की कुर्त्याची बटणं मलाच लावून द्यावी लागायची. विचारलं की एकच उत्तर.

"काई नाई वं माय. होते तसं."

अंगावरचा सूट तिच्या मापाचा नव्हताच. काळा, जाड रबराचा, पथकातल्या कुठल्यातरी आडव्या माणसाचा. कमरेला घोळ, मानेशी फट. मी घरी ब्लाउज शिवते, मला ते बघवत नव्हतं. पण सुई लावू देईल तर ना! "भोकं पडतात त्याले," म्हणून तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

मग मी माझ्या परीने उपाय काढला. आमच्याकडे ऊब म्हटलं की कापूस. बाळंतिणीला कापूस, म्हाताऱ्यांच्या कानात कापूस, अंगावर कापसाची दुलई. उशीसाठी ठेवलेली रुई काढली, जुन्या मऊ साडीच्या दोन पदरांत पसरली आणि बारीक टाके घालून सुटाच्या आत घालायला बिनबाह्यांची बंडी शिवली. शेजारीण म्हणाली, "आता हिवाळा काय, हिवाळ्याचा बापबी शिरत नाई." मलाही तसंच वाटलं. लेक नको म्हणत होती. मी रुसले, तेव्हा घेऊन गेली.

संध्याकाळी आली ती ओठ निळे करून. ओली बंडी न्हाणीत टाकली तर धप्पकन आवाज झाला.

"माय, मेलेलं वासरू बांधल्यासारखं वाटलं मले. साऱ्या धरणाचं पानी पेली तुही बंडी."

"कापसानं थंडी वाजते का कुठी?"

"कोरड्यात नाई वाजत. पान्यात कापूस गार पानी धरून बसते. रबराच्या आत पान्याचा पातळ थर राह्यते, तो आपल्याच अंगानं गरम होते. सूट अंगाले चिकटून पाह्यजे, बस. मधात काई कोंबायचं नसते."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. तू रुसून बसली होती."

मला इतका राग आला की मी बंडी पिळलीही नाही. दोन दिवस ती न्हाणीत तशीच पडून होती. राग कोणाचा, तेही कळेना. कापसाचा, रबराचा, का तिचा.

वरून तिने सांगितलं की पथकाचे साहेब म्हणाले, अशीच कुडकुडत राहिली तर तिला पाण्यात उतरवणार नाहीत. काठावर दोर धरायचं काम देतील. येत्या रविवारी बघून ठरवणार होते. सांगताना ती हसली, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. विहिरीत पोहायला शिकली तेव्हापासून तिला दुसरं काही नको होतं.

रविवारी मी तिच्यासोबत गेले. तिने नको नको म्हटलं, तरी चहाचा थर्मास घेऊन जीपमध्ये बसले. धरणावर वारा असा की डोक्यावरचा पदर ठरेना. मी जीपच्या आडोशाला बसून पाहत राहिले. मुलं उतरली, तीही उतरली. पाण्यावर बुडबुडे येत होते, तोपर्यंत माझा श्वास माझ्याजवळ नव्हता. सगळे बरोबरच वर आले. ती चक्क हसत होती. दात वाजत नव्हते.

नंतर जे झालं ते पाहून माझं मस्तक तडकलं. मुलांनी काठावर उभ्या उभ्या सूट सोलून काढले, टॉवेल गुंडाळले, कोरडे कपडे घातले आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून शेकत बसले. माझी लेक त्याच ओल्या सुटात, पाणी गळत, वाऱ्यात उभी. साऱ्यांचं आवरेपर्यंत आणि मग जीपमधून घरी येईपर्यंत ती अशीच राहायची! घरी तशी आली की मला वाटायचं, सारेच तसे येतात. कपडे बदलायला आडोसा नाही. मी चहा ओतला तर तिने हात मागे घेतला.

"नको माय. मंग जायले लागते. इथं जागा कुठी हाय?"

म्हणजे दिवसभर ती घोटभर गरम काही पीत नव्हती. मी मात्र घरात बसून रुई पसरत होते.

साहेब आले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "काकू, पोरगी हिंमतवान हाय, पन थंडीची कच्ची. पाहा कशी कापून राहिली."

माझ्या तोंडापर्यंत आलं आणि नेहमीसारखं खाली जायला लागलं. तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती, हनुवटी थरथरत होती.

"भाऊ," मी म्हटलं, "पान्यातून आली तवा कापत नव्हती. तुमी पाह्यलं नाई. ती इथं उभी राहून गारठली. तुमची पोरं शेकून राहिली, हिनं कपडे कुठी बदलायचे?"

साहेबांनी मुलांकडे वळून पाहिलं. शेकोटीपाशी कोणीतरी खोकलं.

मी जीपचं दार उघडलं, आत टाकलेली सतरंजी ओढून दारावर टाकली आणि एक टोक धरून उभी राहिले. "तिकडं तोंड करा साऱ्यांनी." मुलं पटापट फिरली. एकजण म्हणाला, "काकू, आमी तं पह्यलेच फिरलो." हसू आलं नाही मला.

कोरडे कपडे घातल्यावर थोड्या वेळात तिच्या ओठांना रंग आला. मग तिने परत सूट चढवला आणि साहेबांनी तिला पुन्हा उतरवलं. दोर दुसऱ्याच्या हातात दिला. तंबूसाठी अर्ज करतो म्हणाले, मापाचा सूटही मागवतो म्हणाले. अजून दोन्ही आलेले नाहीत.

तेव्हापासून सराव असला की मी जाते. चिडचिड होते. ब्लाउज पडून राहतात, हात भरून येतात, वारा सतरंजी ओढत असतो. लांब झुडपाकडे जायचं तरी मीच सोबत. मागच्या वेळी सतरंजीपलीकडून कोणीतरी विचारलं, "झालं का, काकू? निघायचं हाय."

"नाई झालं," मी ओरडले. "पोरीले आधी चा पिऊ द्या."