गणपतीला न जाण्याचं कारण

लिनक्स या संगणकप्रणालीचं एक वितरण, म्हणजे वापरायला तयार अशी आवृत्ती, बनवणाऱ्या कंपनीत मी सुरक्षेच्या दुरुस्त्या बघतो. काम लालबागच्या चाळीतल्या आमच्या घरातूनच चालतं. कर्नेल म्हणजे त्या यंत्रणेचा गाभा. लोकांना वाटतं, त्यात भोक सापडलं, बुजवलं, पाठवून दिलं. इतकं सोपं असतं तर माझं रक्त आटलं नसतं.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर असंच एक भोक सापडलं. मशीनवर साधं लॉगिन असलेला कुणीही त्यातून अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकत होता. दुरुस्ती हातात होती. पण एका वितरणाने ती आधी दिली, की भोक कुठे आहे ते जगाला कळतं आणि बाकीच्यांचे ग्राहक उघडे पडतात. म्हणून सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवला. तोवर अवाक्षर काढायचं नाही. शिवाय आमची दुरुस्ती घातली की काही जुनी मशीनं परत सुरूच होईनात, तेही निस्तरायचं होतं. ठरलेला दिवस नेमका चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आला. परदेशातल्यांना चतुर्थीचं काय सोयरसुतक!

माझा धाकटा भाऊ काळाचौकीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबची मशीनं सांभाळतो. तिथे आमचंच वितरण आहे, माझ्याच आग्रहाने घातलेलं. रिपोर्ट बघायला बाहेरच्या दवाखान्यांना त्यावर लॉगिनं दिलेली. भाऊ गणपतीला गावी जातो तो विसर्जन करूनच परततो. म्हणजे दुरुस्ती निघाली तरी लावायला माणूस नाही, आणि मी त्याला थांब म्हणू शकत नव्हतो.

मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. खाली मंडळाची मूर्ती पडद्याआड होती. कार्यकर्त्यांनी ती पाहिलेली, तरी कुणी बोलत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. त्यांच्या गुपिताने कुणाचं वाईट होणार नव्हतं. आईने चहा पुढे केला तरी मी तिच्या अंगावर वसकन जायचो.

शेवटी जेवताना सांगून टाकलं, "या वर्षी मला गावाला जमणार नाही."

आईचा हात ताटातच थांबला. "गणपतीक येवचंस नाय?"

 भावाने जेवता जेवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

निघायच्या दिवशी त्याने लॅबची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "दादा, ही राहू दे तुझ्याकडे. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप नाय करत, कानात सांगतो."

"कशाला?"

"तू गणपती सोडतोयस. काय झालंय ते मी विचारत नाय." बॅग खांद्याला लावत तो म्हणाला, "बाहेरच्यांची लॉगिनं आजच बंद केलीत. रिपोर्ट लॅबवाले फोनवर सांगतील."

मला हायसं वाटलं आणि लगेच धडकीही भरली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता, तरी आमच्या घरात गणपतीला न जाणंच पुरलं होतं.

ठरलेल्या सकाळी दुरुस्ती निघाली. जुन्या मशीनांवरही ती नीट बसली. मी तडक काळाचौकीला गेलो, लॅबचं मशीन अपडेट करून बंद केलं आणि ते परत सुरू होईपर्यंत नखं खात उभा राहिलो. झालं एकदाचं. मग गावाला फोन लावला. मागे टाळांचा आवाज येत होता.

"झालं?" भावाने विचारलं.

"झालं."

"मग आता निघ. आईने तुझ्यासाठी मोदक काढून ठेवलेत."