खड्ड्याचा नक्शा

सारं केनवड त्यांना नक्शेवाले म्हणायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर शाळेच्या बांधकामासाठी ते पुण्याकडून आले होते. आमच्या वीटभट्टीवर आले की एक वीट हातात घ्यायचे आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखे विचारायचे, “हिचं माहेर कुठलं?” माती आमच्या वावरातली, जाळ आमच्याच बाभळींचा, हे ठाऊक असूनही विचारायचे. बाबा चिडायचे.

तरी आमच्या पक्क्या घराचा नक्शा बाबांनी त्यांच्याकडूनच काढून घेतला. त्यात घराशेजारी एक मोठा चौकोन होता.

“हे विहीर हाय काय, भाऊ?” आईनं विचारलं.

“नाही वहिनी. घराच्या विटांना माती लागेल, तिचा खड्डा. तोही तुमचाच.”

“घर सांगतलं होतं, खड्डा कायले काढला?” बाबा कडाडले.

आई मात्र कागदावर वाकली. “मंग त्याले पायऱ्या काढा. बकऱ्या पडतीन.”

ते हसले नाहीत. कानावरची पेन्सिल घेऊन त्यांनी पायऱ्या काढल्या. पुढे आईनं त्या खोदूनही घेतल्या. खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं; अजून बकऱ्या तिथूनच पाण्यावर उतरतात.

यंदा माझ्या मुलानं नव्या घराचा नक्शा आणला. मी तो उलटूनपालटून पाहिला.

“काय पायता, बाबा?”

“खड्डा,” मी म्हणालो.