फौजीचा तळहात

कडेगावात चहाच्या टपरीवर मी युद्धाविरुद्धची पत्रकं वाटत होतो. ‘प्रत्येक गोळीमागे एक मुडदा’ ही त्यातली ओळ माझीच. एका पेन्शनर फौजीनं ती बोट फिरवत वाचली आणि तो हसला.

“कुणी सांगितलं रं?” त्यानं टेबलावर तळहात पसरला. “सरावाच्या रेंजवर निवांत पडून, शंभर यार्डावरच्या निशाणावर माज्या पाच गोळ्यांची भोकं ह्या तळव्याएवढ्या जागंत मावायची. लढाईत आपल्याला दम लागलेला, समोरचाबी पळतोय. कुटली कुटं जाती, कुणाला ठावं?”

“मग तुम्ही किती मारले?” मी फटकन विचारलं.

हात तसाच राहिला. “ठावं न्हाई गड्या. म्हणून तर ह्याच हातानं नातीला घास भरवतो.”

त्याला तिकडं धाडणाऱ्यांवरचा माझा राग आजही तसाच आहे. ती ओळ मात्र उरलेल्या पत्रकांवरून मी तिथंच बसून खोडली.