कलाबाई आली की आकडा चढतो

कलाबाई झाडते तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नसतं. गंगापूर रोडवरच्या एका जुन्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा तिच्याकडे आहे. टेबलं सरकवायची, फरशीच्या सांध्यांतली धूळ केरसुणीच्या टोकानं उकरायची. वरवर झाडणाऱ्याला ती माणसात धरत नाही.

या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं थर्मामीटर फुटले. पाऱ्याचे मणी सांध्यांत पळाले आणि तिथंच राहिले. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, पण रोज छातीत गेली तर बाधते. म्हणून प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मोहिनी मॅडमनी हवेतली ही वाफ मोजायचं यंत्र आणलं.

कलाबाई तेव्हा भाताच्या लावणीला गावी, हरसूलला, गेलेली. तोवर आकडा खाली होता. ती परतली, तिनं झाडलं, आणि आकडा वर गेला.

शिपाई दत्तूला आयतंच सापडलं. "मावशी, काय पायगुण तुमचा! यंत्रसुद्धा घाबरलं."

"गप रं. तू पुसलेलं टेबल बघ, म्हशीनं चाटल्यावानी दिसतंय."

बोलली खरी, पण लागलं तिला. दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट जोर लावला. आकडा आणखी वर.

मॅडम म्हणाल्या, "कलाबाई, तुम्ही काही दिवस लायब्ररी झाडा. इथं दुसरं कुणी बघू."

लायब्ररी! तिथं झाडण्याजोगं असतं काय?

"मॅडम, माझं काय चुकलं ते दावा. मग घालवा."

मॅडमनी यंत्र तिच्या पदराजवळ नेलं, हातांजवळ नेलं. काही नाही. केरसुणीजवळ नेलं आणि आकडा उसळला. पात्यांच्या बुडाशी बारीक चमचमते कण. ती मणी उकरत होती, फोडत होती, खोलीभर पसरत होती. काम जितकं जीव लावून, तितकी वाफ जास्त.

"अगं बाई," मॅडम म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

केरसुणी पिशवीत बंद करायची ठरली. दत्तूनं ती पायानं सरकवली तशी कलाबाई कडाडली, "पाय नको लावू! लक्ष्मी हाय ती. आन् आज शुक्रवार, आज ती कुठं जायची नाय."

पिशवीला गच्च गाठ मारून केरसुणी गच्चीवर ठेवली. शनिवारी घातक कचरा नेणाऱ्या गाडीतून ती गेली.

आता खिडक्या सताड उघड्या. तोंडाला मास्क, हातात मोजे. बॅटरी तिरपी धरून एकेक मणी ड्रॉपरनं उचलायचा, बारीक कण चिकटपट्टीनं.

"हे काय झाडणं? तांदळातले खडे वेचणं हाय," ती पहिल्या दिवशी म्हणाली. संध्याकाळी गुडघे ठणकले, तेव्हा तिला ते काम पटलं.

आकडा उतरत गेला. लायब्ररीचं नाव पुन्हा निघालं नाही.

"मावशी, पायगुण सुधारला की!" दत्तू दारातून म्हणाला.

"पाय नाय रं, गुडघे झिजवले. ये, मोजे घाल. त्या कोपऱ्यात अजून हायेत."

"माझी कंबर..."

"हाय ना कंबर? मग वाकव."