ताईसारखी दिसणारी नटी

माझी थोरली बहीण एका नटीसारखी दिसायची. हे आम्हाला शेजारच्या काकूने सांगितले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, रविवारी दुपारी, सारे शिरड शहापूर एका उडणाऱ्या नायकासाठी दूरदर्शनसमोर बसत असे. त्या मालिकेत एक बातमीदार मुलगी होती. काकूने पडद्यावर बोट टेकवले, काचेवरची वीज बोटाला चावली, तरी ती म्हणाली, "अगं, ही तर तुमची थोरली!" त्या दिवसापासून ताई गावाची 'रिपोर्टर' झाली आणि ओढणी एकाच खांद्यावर घेऊ लागली.

मालिका संपली, नटी संपली नाही. कुठे दोन वाक्ये बोलणारी नर्स, कुठे कुणाची शेजारीण, एकदा मुकुटाच्या ओझ्याने मान अवघडलेली राणी. या भूमिका कुणाच्या ध्यानात राहत नसत. मला राहत. दर वेळी तिचा आवाज जरा निराळा वाटे, आणि मी दचकून ताईकडे पाही. हीही बदलली की काय?

जवळा बाजारचे पाहुणे ताईला पाहायला आले, तोवर गावात केबल आली होती. मुलगा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करी. त्याच्या हातांना वार्निशचा वास होता. पाण्याचा पेला परत देताना तो ताईला एवढेच म्हणाला, "माठातलं हाय का? लई गार हाय." शेजारी बसलेल्या मला ताईच्या कानाची ऊब जाणवली. हे स्थळ तिला हवे होते.

मुलाची आई मात्र टक लावून पाहत होती. "ह्या पोरीला म्या कुठंतरी पाह्यलंय."

"बाजारात दिसली असंल, आक्का," स्थळ आणणारे आमचे मामा म्हणाले.

मला राहवले नाही. "टीव्हीतल्या रिपोर्टरसारखी दिसते ती."

"कोन्ती रिपोर्टर?" त्यांच्या घरी टीव्ही नुकताच आला होता. मी त्या नटीच्या आताच्या मालिकेचे नाव सांगितले, तशा त्या सावरून बसल्या. "म्हंजी, सासूच्या दुधात पुडी टाकनारी?"

"नटीचं काम हाय ते, आक्का."

"व्हय, पर तोंड तर हेच हाय ना?"

'कळवतो' म्हणून पाहुणे उठले. वडील मला एवढेच म्हणाले, "तुला काहून मधी बोलायचं व्हतं?"

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ती मालिका पाहू लागले. ताईचे लग्न तिथेच ठरत आहे, असे मला खरोखर वाटू लागले होते. ताई उंबऱ्यात उभी राहून विचारी, "आज काय केलं तिनं?"

"कपाट उघडलं."

"आन मंग?"

"मंग लाईट गेली."

तिसऱ्या आठवड्यात ती सून जिन्यावरून पडून मेली. मरताना कळले की पुडी दिराने टाकली होती. दोनच दिवसांनी मामा होकार घेऊन आले.

"आक्का म्हनल्या, बिचारीवर नाहक आळ आला. उगंच नावं ठिवली म्या पोरीला."

वडील हसता हसता खोकू लागले. आईने साखरेचा डबा उघडला. मलाही हसू येत होते. पण मेलेल्या बाईच्या दयेवर आमच्या घरी मंगलकार्य येत होते, याचा आनंद कसा करावा ते मला कळेना.

ताईने साखर हातात धरून ठेवली. दाणे घामाने विरघळत होते. "होकार मला आला का तिला?" तिने मला विचारले.

मग ती, इतक्या दिवसांत प्रथमच, मामांकडे वळली. "त्यांचं काय म्हननं हाय?"

"कुनाचं? पोराचं?" मामा गोंधळले. "त्याला कोनी विचारलं?"

"मंग विचारून या, मामा."

आईचा हात डब्यातच राहिला. मामांनी वडिलांकडे पाहिले, वडिलांनी माझ्याकडे. जणू पुढचा भाग मलाच ठाऊक होता. मग मामा उठले, आणि पुटपुटत दाराशी चपला शोधू लागले.