बिनसीटची गाडी

"उभं ऱ्हायाचं, ताई. पडणं काय, आपलं आपण होतंय," असं म्हणायचे आणि दुकानातली त्यातल्या त्यात बरी खुर्ची बघून मेंबर बसायचे.

मेंबर हे त्यांचं नाव नव्हे आणि पदही नव्हे. ग्रामपंचायतीला ते तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. चौथ्यांदा अर्ज भरायच्या आत गावानंच त्यांना मेंबर म्हणायला सुरुवात केली, बहुधा पुढचा त्रास वाचावा म्हणून. तुमच्याही गावात असा एक जण असेल. निवडून आलेल्यांची नावं लोक विसरतात, याला मात्र दहा वर्षांनीही मेंबर म्हणूनच हाक मारतात.

माझं उंब्रजला हायवेलगत सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, मोटरसायकली, रिक्षा, कधीमधी एखादा जेसीबी. पंचवीस वर्षं फोम कापते आहे. जुनं सीट उलगडलं की त्यावर बसणारा माणूस मला बऱ्यापैकी कळतो. कोण एका अंगाला कलतो, कोण पाकीट खिशातच ठेवून बसतो, कोणाच्या मागे कोणीच बसत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी त्याची बैठक बघते, मग पाय, आणि तोंड सगळ्यात शेवटी.

मेंबरांची डावी चप्पल बाहेरच्या कडेनं झिजलेली असायची. विट्याच्या मामांमागे ते पोरवयात कोचीला गलाईच्या धंद्यात गेले. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. भट्टीसमोर मांडी घालून तीस वर्षं काढली, निवडणुकीला तेवढे गावी यायचे. एकदा वितळलेल्या सोन्यानं भरलेली मूस डाव्या पायावर पडली आणि तीन बोटं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून तो पाय बाहेरच्या कडेवर पडायचा. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "आमच्या पायात सोनं हाय, ताई. काढून घ्यायला कुणी आलं न्हाई अजून."

मेंबरांचं गाव नदीकाठी होतं. बंधाऱ्यामुळे तिथं मैलभर पाणी उन्हाळ्यातही तुंबलेलं असायचं. कोचीचं दुकान पुतण्याकडे सोपवून ते कायमचे गावी आले आणि येताना पाण्यावरची मोटरसायकल घेऊन आले. तिकडच्या समुद्रकाठचा पाण्यावरच्या खेळांचा एक धंदा बंद पडला होता, त्यातली ही उचलली. पिकअपमधून ती थेट माझ्या दारात आली.

"सीट चोरीला गेलंय, ताई," मेंबर ताडपत्री काढत म्हणाले. "वाटंत कुणीतरी हाणलं. लांबडं करा. मंडळीबी मागं बसतील."

मी टेप घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीट बसवायला एकही भोक नव्हतं. मागे काहिलीसारखी उघडी खोलगट जागा, पुढे वरखाली होणारी लांब दांडी आणि तिच्या टोकाला हँडल.

"मेंबर, हिला सीट नव्हतंच कधी. ही उभं राहून चालवायची गाडी आहे."

मेंबरांनी वाकून मागची खोलगट जागा हातानं चाचपली. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी आमच्यासाठीच काढलीया की!"

त्याच दिवशी त्यांनी गावात जाहीर करून टाकलं की, यात्रेच्या दिवशी देवाची पालखी घाटावर अंघोळीला येते तेव्हा सगळ्या गावासमोर आपण उभे राहणार. गावानं त्यातलं फक्त "उभे राहणार" ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोघं चौकशीला आले.

"कुठल्या वॉर्डातनं?"

"पाण्यातनं."

पाणीपुरवठ्याचा मुद्दा घेऊन उभे राहताहेत असं ठरलं. विरोधकांनी मेंबरांच्याच एका मामाला समजूत घालायला पाठवलं. मेंबरांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "माघार न्हाई."

पण गंमत बाजूला ठेवा. या माणसाला काय हवं होतं ते मला त्या दिवशीच कळलं. गावानं त्यांना तीनदा पडताना पाहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्याच गावानं त्यांना उभं असलेलं बघायला हवं होतं.

चार दिवसांनी ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी लिहून आले. गाडीला काय काय लावायचं त्याची यादी. मोठा भोंगा, झेंड्याला दांडी, लुकलुकणारा दिवा, "मेंबर" अशी पाटी आणि वेग वाढवणारा एक पंखा.

"पाय कुठं ठेवणार?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"मागची जागा साबण सांडलेल्या मोरीसारखी गुळगुळीत आहे. भोंगा वाजवत घसरणार का?"

सांगलीला होड्यांच्या इंजिनांचा एक मिस्त्री आहे. मी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "वेग आहे तेवढा जास्तच आहे. आधी पायाखाली मॅट, मग हाताला चांगल्या मुठी, मग आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप. बाकीचं पुढच्या वर्षी. आणि पहिल्यांदा पडायला शिका."

"त्यात मी ग्रॅज्युएट हाय," मेंबर म्हणाले.

"तसं नाही. पडल्यावर मागच्या बाजूनं पोटावर चढायचं. मग गुडघे टेकायचे. वेग आला की एक पाय, मग दुसरा. नजर समोर. खाली बघितलं की गेलात. आणि भिऊन रेस सोडू नका. रेस सोडली की ही गाडी वळतसुद्धा नाही."

मी यादीवर रेघ मारली आणि मॅट कापायला घेतली. टणक फोम, वर बारीक खाचा, वळताना पाय सरकू नये म्हणून दोन्ही कडांना उंचवटे. मध्ये गुडघ्यांच्या जागी दुप्पट जाड.

"हितं जाड कशाला? मी काय गुडघ्यावर बसणार हाय?"

"बसणार आहात."

गाडीबरोबर एक लाल दोरी आली होती. ती मनगटाला बांधायची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद होतं. मेंबरांनी ती गोठ्याच्या किल्लीला बांधली होती. ती सोडवून आणायला लावली. फुगीर जाकीट घालायला मात्र ते तयार होईनात, कारण खाली खादीचा पांढरा शर्ट झाकला जात होता. मी म्हटलं, मग मॅट मिळणार नाही. जाकीट आलं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम नदीवर गेले. मेंबरांसाठी नाही, पाण्यात माझा डिंक टिकतोय का ते बघायला. डिंक टिकला. मेंबर काही टिकेनात. हळू गेले की गाडी डुलून त्यांना टाकायची. जोरात गेली की घाबरून रेस सोडायचे आणि तोंड असेल त्याच दिशेला पाण्यात जायचे. पण दर वेळी मागून पोटावर चढायचे, खाकरायचे आणि परत. अकरा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं.

त्यांच्या पत्नी काठावर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना वहिनी म्हणायची.

"घरात पंखा पुसायला स्टुलावर उभं ऱ्हात न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "म्हनत्यात, चक्कर येतीया."

यात्रेच्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पालखीची अंघोळ झाली आणि वरच्या अंगानं मेंबर आले. गुडघ्यांवर. दांडी धरलेली, मान ताठ, जाकिटाखालून पांढऱ्या शर्टाची बाही दिसेल अशी. बायकांना वाटलं नवस आहे. चार-पाच जणींनी हात जोडले.

"मेंबर पाण्यातनं लोटांगण घालतोय रं!" कोणीतरी ओरडलं.

घाटाच्या बरोब्बर समोर त्यांनी एक पाय उचलला. डावा. मॅटवर नीट बसला. मग उजवा. कंबर सरळ होऊ लागली. अजून दोन क्षण आणि काम झालं असतं. पण समोर एवढी गर्दी, आणि पंधरा वर्षांची सवय. मेंबरांनी मतदारांना करतात तसा एक हात वर केला.

"पडला रं! चवथ्यांदा!"

घाट हसला. मीही हसले. मेंबर मागून पोटावर चढले, गुडघे टेकले आणि कोणाकडे न बघता खाली निघून गेले. शेतीला पाणी उचलायची जॅकवेल आहे, तिच्यापलीकडे नदी वळते. त्या वळणाआड ते दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं परतले तेव्हाही गुडघ्यांवरच होते.

आठवड्यानं दुकानात आले.

"वळणाच्या पल्याड उभा ऱ्हायलो, ताई. जॅकवेलपासनं वडापातूर."

"कोणी बघितलं?"

"दोन म्हशींनी."

मी परत हसले. त्यांनी चहा संपवला, कप बशीवर पालथा घातला आणि गेले. त्यानंतर ते उभं राहायचं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. यायचे, बसायचे, उसाच्या तोडीबद्दल बोलायचे. गाडीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. मला वाटलं, नाद सुटला. एकदाच जाता जाता म्हणाले, "मॅट झ्याक झालीया." पावसाळ्यातली गोष्ट. मी मनाशी म्हटलं, यात्रा होऊन इतके दिवस झाले, आता कसं सुचलं?

दिवाळीनंतर मेंबर गेले. झोपेत गेले. आयुष्यभर उभं राहायची भाषा करणारा माणूस आडव्यानं गेला, असं गावात कोणीतरी म्हणालंच. लोकांना असलं बरं सुचतं.

महिनाभरानं वहिनी पिकअपमधून दुकानात आल्या. काखेत गुंडाळी होती.

"गाडी सांगलीच्या मिस्त्रीला दिली. हे तेनं काढून दिलं. आगं, ह्येचं पायपुसणं करून दे मला. चांगलं जाड हाय."

मी कात्री घेतली आणि मॅट जमिनीवर पसरली. गुडघ्यांच्या जागी वाटीएवढे दोन दाब होते. ते मला अपेक्षितच होते. पण मागे, जिथं मी साधाच फोम घातला होता, तिथं दोन पाय होते. चांगले खोल. एक पुढे, एक मागे. खाचा घासून सपाट झालेल्या. आणि पुढचा पाय, डावा, बाहेरच्या कडेनं जास्त दबलेला.

एकदा उभं राहून फोम असा बसत नाही. दहादा राहूनही नाही. हे मी पंचवीस वर्षांच्या कामावरून सांगते.

"वहिनी, यात्रेनंतर मेंबर नदीला जायचे?"

"रोजच की. पहाटं. म्हनायचे, मोटर बगून येतो. पूर आला तवा तेवढं ऱ्हायलं, पाणी उतरल्यावर परत सुरू."

"भिजून यायचे?"

"न्हाई गं. गुडघ्यापातूर इजार वली, वर समदं कोरडं. मी म्हनलं, पाटातनं चालत आले आसतील."

मी कात्री टेबलावर ठेवली. खाली बसून त्यांना दाखवलं. हा डावा, हा उजवा. इथं टाच. ही चिकटलेली बोटं.

त्यांनी त्या बोटांच्या खुणेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आन् मला बोललं न्हाईत."

"मला बोलले होते," मी म्हटलं. "मी हसले."

वहिनींनी चपला काढल्या, टेबलाची कड धरली आणि मॅटवर आधी डावा पाय ठेवला, मग उजवा. त्यांचे पाय लहान, त्या दोन खड्ड्यांत सगळीकडून जागा उरली. त्या वाकून पायांकडे बघायला लागल्या आणि जराशा डुलल्या.

"खाली नाही, वहिनी. समोर बघा."

त्यांनी मान वर केली. समोर हायवे होता, उसाचे ट्रॅक्टर चालले होते. थोड्या वेळानं त्यांनी टेबलाची कडही सोडली.